बेटीवहिनींच्या गळ्याच्या मापाचा कलिंबा

ॲन्सेल्म तुस्कानोच्या कानांची आम्ही वालीवच्या कारखान्यात चिकार थट्टा केली. पस्तीस वर्षं तो टूलरूममध्ये फिटर होता आणि भिंतीपलीकडे प्रेस मशिनं धडाधडा आपटत असायची. त्यात त्याच्या कानांची वाट लागली. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, पण कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी, सकाळची पाखरं यांतलं काही त्याच्यापर्यंत पोचत नसे. मी त्याच कारखान्यात तपासणी खात्यात. त्यानं बनवलेला डाय, म्हणजे प्रेसचा साचा, मोजायचा आणि त्यात खोट काढायची हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर स्वभावही. त्याच्या कामात खोट क्वचित सापडायची. याचा मला मनातून रागच यायचा.

रिटायर झाल्यावर तो भुईगावच्या घरी केळी आणि अळू लावून बसला. मी इथे वसईच्या फ्लॅटमध्ये पेटी घेऊन बसलो. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते, आणि कोण कुठे बेसूर होतं हे सांगायचं कामही मी न मागता अंगावर घेतलं आहे. महिन्यातून एकदा तरी रविवारी मी ॲन्सेल्मकडे जायचो. त्याच्या बायकोच्या, बेटीवहिनींच्या हातचं जेवायला, हे दुसरं कारण.

बेटीवहिनींचा आवाज गावात प्रसिद्ध होता. लग्नाच्या मांडवात बायका गातात, त्यांत सुरुवात वहिनींनीच करायची. त्यांतलं एक गाणं मला फार आवडायचं. त्यांच्या घरच्या बोलीतले निम्मे शब्द मला कळत नसत, पण शेवटच्या ओळीत ते थांबतं आणि तिथे नवऱ्यामुलाचं नाव घालायचं, एवढं कळे. ज्याचं लग्न, त्याचं नाव. वहिनींनी अशी शेकडो नावं घातली असतील. स्वतःच्या नवऱ्याचं नाव मात्र त्या कधी घेत नसत. ‘एलिनाचा पप्पा’ म्हणायच्या. जुन्या वळणाच्या बाया.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग शेजारणींची नावं गेली, मग मालाडहून येणारी स्वतःची मुलगी एलिना ओळखू येईना. एका रविवारी माझ्यासमोर त्या ॲन्सेल्मला म्हणाल्या, “बसा भाऊ. कुणाकडं आलात?”

ॲन्सेल्म बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की असल्या आजारात गाणं सगळ्यात शेवटी जातं. एलिनानं कुठूनसा कलिंबा आणला. हातात मावेल एवढी वस्तू. वर एका ओळीत स्टीलच्या सतरा पात्या, मधली सगळ्यात लांब, दोन्हीकडे आखूड होत गेलेल्या. अंगठ्याच्या नखानं पाती दाबून सोडायची. एलिनानं ते मांडवातलं गाणं त्यावर चाचपडत बसवलं आणि बापासाठी पात्यांवरचे आकडे कागदावर लिहून दिले. तो पहिला कलिंबा ॲक्रिलिकचा, आरपार दिसणारा. त्याचा आवाज म्हणजे पेल्यावर चमचा आपटावा तसा. वहिनींनी दोन्ही कान झाकले. दुसरा आणला तो भरीव फळीचा. तो इतका हळू वाजायचा की वहिनींना कुणी वाजवतंय याचा पत्ताच नाही. मग फिटरसाहेबांनी स्वतःच एक केला, फणसाच्या फळीवर हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे बसवून. तो नुसता गुणगुणायचा. “गांधीलमाशी पाळलीस काय रे?” असं मी विचारलं. चौथा महोगनीचा, आतून पोकळ, पोटाला गोल भोक असलेला. त्याचा आवाज भरदार होता. मधल्या लांब पात्या ॲन्सेल्मला ऐकूही यायच्या, बाकीच्या त्याला लाकडातून बोटांना कळायच्या. तो घरात राहिला.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, त्यांच्या उपवासाचे चाळीस दिवस, तो रोज सकाळी वहिनींसमोर बसून एकच गाणं वाजवत होता. मधे मला जायला जमलं नाही. ईस्टरनंतर गेलो तर हा मला म्हणतो, “थांब, ऐक.”

त्यानं वाजवलं. दुसऱ्याच ओळीला वहिनी गायला लागल्या. आवाज चिरका झाला होता, पण एक शब्द चुकला नाही. शेवटच्या ओळीशी ॲन्सेल्म थांबला. वहिनी त्याच्याकडे बघत, लाजत, स्पष्ट म्हणाल्या, “ॲन्सेल्म.”

त्यानंतर लगेच त्या खिडकीकडे बघायला लागल्या आणि आम्ही दोघं पुन्हा त्यांना परके झालो. पण दिवसातून एकदा, गाण्यापुरती, ती बाई त्याची बायको व्हायची. “बस झालं मला,” तो म्हणाला. “एवढ्यावर मी जगीन.”

माझे डोळे भरले. आणि त्याच वेळी, मेल्या माझ्या कानाला काही पात्या खटकल्या. म्हटलं, “अरे, पात्या उतरल्यात तुझ्या. तीन-चार तरी.”

तो हसला. “तिला चालतंय ना? मग तुझं काय जातंय?”

बहिऱ्या माणसाच्या हातून दुसरं काय होणार, असं मला वाटलं.

जूनमधल्या एका रविवारी तो वहिनींना अंघोळीला घेऊन गेला. कलिंबा टेबलावर होता, शेजारी इवलीशी हातोडी. पाती सुरात आणायची रीत सोपी आहे. खालच्या टोकावर टकटक केलं की ती वर सरकते, आखूड होते आणि सूर चढतो. वरून टकटक केलं की लांबते आणि उतरतो. मी मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप उघडलं आणि कामाला लागलो. म्हटलं सगळ्याच पात्या बघून घेऊ, अर्धवट काम कशाला. प्रत्येक पाती थोडीफार सरकवावी लागली, पण वीस मिनिटांत सतराच्या सतरा पात्यांवर हिरवा दिवा लागला. इतका खूष झालो होतो मी स्वतःवर! तो वाजवेल आणि चकित होईल, म्हणून बोललो नाही.

त्यानं वाजवलं. वहिनींनी दुसरी ओळ धरली, अडखळल्या, कपाळाला आठी घातली. पुन्हा धरली, पुन्हा तिथेच अडखळल्या. मग मान फिरवली. “दमलीय आज,” ॲन्सेल्म म्हणाला. मलाही तेच वाटलं. फोनवर पुढच्या आठवड्यात म्हणाला की गात नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पण नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आजार पुढे सरकला. सप्टेंबरपासून त्या गुणगुणायच्याही बंद झाल्या, पाठोपाठ बोलायच्याही.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा ॲन्सेल्म कलिंबा पुसत बसला होता. मग आपणहून सांगायला लागला. “तुला ठाऊक आहे, ती गायला कशी लागली? आणला तेव्हा तो कलिंबा बरोबर सुरात होता. कंपनीतून येतो तसा. ती गायची आणि एकाच जागी अडकायची. रोज तीच जागा. म्हटलं, चाळीस वर्षं गाते ती, ती कशी चुकेल? चूक पातीची असणार. मग ती पाती केसभर खाली घेतली. दुसऱ्या दिवशी तिथून सुटली, पुढे अडकली. मग पुढची पाती. मला ऐकू कुठं येतंय? मी तिच्या तोंडाकडं बघून लावत होतो. चाळीस दिवस लागले. तिच्या गळ्यात बसेल असा केला होता रे मी तो.” त्यानं वहिनींच्या खांद्यावरची शाल नीट केली. “तरी विसरली मला. कलिंबा तोच, गाणं तेच. मीच नकोसा झालो असेन.”

माझ्या हातातला चहा निवला. त्या जुन्या गाण्यांचे सूर माझ्या पेटीत नसतात, हे मला कळायला हवं होतं. आयुष्यभर गाण्याच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला ते कळलं नाही आणि बहिऱ्याला कळलं. त्या दिवशी मी काही न बोलता घरी आलो. भित्रा आहे मी. सात दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी जाऊन सांगून टाकलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. वाटलं, हाताला धरून बाहेर काढेल. काढायला हवं होतं.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवत नव्हतं. तो आनंदला होता.

“म्हणजे ती मला विसरली नव्हती?” तो म्हणाला. “चंद्रहास, ती विसरली नव्हती?”

तो लगबगीनं आत गेला, कलिंबा आणि हातोडी घेऊन आला, चष्मा लावला. वहिनी समोर खुर्चीत होत्या, मान एका खांद्यावर पडलेली, नजर कशावरच नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून आता काही लावता येणार नव्हतं. त्यालाही ते दिसत होतं. म्हणून तो माझ्याकडे बघत होता.

“किती सरकवल्यास?”

“मोजलं नाही.”

“अंदाजानं सांग. तू ऐकल्या होत्यास ना? तुझा कान तयार आहे.”

उतरलेल्या होत्या, एवढंच मला आठवत होतं. किती उतरलेल्या, ते ऐकायला मी थांबलोच नव्हतो.

“बरं, कुठल्या कुठल्या, ते तरी सांग,” तो म्हणाला. “त्याच तेवढ्या हलवू. बाकीच्यांना हात नको लावायला.” त्यानं कलिंबा माझ्यापुढे धरला आणि डावीकडच्या पहिल्या पातीवर बोट ठेवलं. “ही?”

“हो,” मी म्हणालो.

त्यानं बोट पुढच्या पातीवर नेलं. “ही?”

“हो.”

तो एकेका पातीवर बोट ठेवत गेला, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेलो.