रत्नाबाईंच्या बाया

हयातीचा दाखला द्यायला मी डिंडोलीला आमच्या बँकेच्या जुन्या शाखेत गेले होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी काउंटरवरची मुलं ओळखतात. त्यांतला एक जण कागद पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या साडीकामवाल्या रत्नाबाई गेल्या. मुलगी खातं बंद करायला आली होती." मी जिवंत आहे असं लिहिलेल्या कागदावर मी सही करत होते... पेन तसंच हातात राहिलं. त्यांच्या घरून मला कोणी कळवलं नव्हतं. त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला वाटलं नाही.

रत्नाबाई शहाद्याकडच्या. नवरा इथेच उधन्याला कापडाच्या लूमवर होता, तो लवकर गेला. पदरी एक मुलगी, भारती. घराच्या खालच्या खोलीत रत्नाबाईंनी काम सुरू केलं. कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांवर हाताने खडे आणि टिकल्या चिकटवून परत पाठवायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गल्लीतल्या बारा बायांना घेऊन शाखेत आल्या होत्या. प्रत्येकीचं वेगळं खातं काढायचं, मजुरी तिच्याच नावावर पडली पाहिजे, नवऱ्याच्या हातात नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. बँकेत इतकी वर्षं काढली, पण असं मालक माणूस मला दुसरं भेटलं नाही.

त्यांचं काम पाहायला म्हणून मी त्या खोलीवर जाऊ लागले. भिंतीला पाठ लावून बाया बसलेल्या असायच्या, मांडीवर साडी, तोंडाने अहिराणीत अखंड गप्पा. त्यांत शोभा नावाची एक होती, ती पहिल्या दिवसापासूनची. रत्नाबाई आजारी असल्या की खोली तीच चालवायची. मला मात्र तिथे फक्त थांबलेला धंदा दिसायचा. धंदा वाढवा, एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्या, कर्ज मी करून देते, असं मी त्यांना दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून विषय बदलला. तिसऱ्या वेळी मार्च अखेर जवळ आली होती, महिला उद्योजकांच्या कर्जाचं आमचं टार्गेट अपुरं होतं, आणि मी फॉर्म स्वतः भरून त्यांच्या दारात गेले. मार्केटमधले व्यापारीही त्यांच्याकडे मशीनचंच काम मागू लागले होते. रत्नाबाईंनी तो फॉर्म हातात घेतला. त्या माझ्याशी नेहमी जपून मराठीत बोलायच्या, पण त्या दिवशी अहिराणीच आली. "मशीन आलं तर मन्या बाया कोठे बठतीन, ताई?"

मी म्हणाले, तुमच्या बाया मशीनवर बसतील, शिकतील. खरंच तसं वाटत होतं मला. त्यांनी सही केली.

मशीन आलं आणि त्याने खोली भरून टाकली. ते चालवायला बारा-बारा तासांच्या पाळीने दोन कारागीर लागले, ते बाहेरून आले, दोघेही पुरुष. बाया काही दिवस जिन्यात बसल्या, मग आपापल्या घरी काम नेऊ लागल्या, मग नेण्यासारखं काम उरलं नाही. शोभा तीनदा काम मागायला आली. चौथ्यांदा आली नाही. पुढे ती गोडादऱ्याला कुठल्याशा कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायला उभी राहू लागली आणि गल्लीत समोरासमोर आली तरी रत्नाबाईंशी बोलेना. इकडे रत्नाबाईंचा एकही हप्ता चुकला नाही. वरच्या ऑफिसने माझं कौतुक केलं, एक प्रमाणपत्र दिलं. ते मी घरी आणून कपाटात ठेवलं.

चार वर्षं बरी गेली. मग बाजार छापील साड्यांकडे वळला. ज्या व्यापाऱ्याकडे त्यांचं निम्मं काम होतं त्याने एका सकाळी दुकान उघडलंच नाही, फोनही लागेना. मशीन महिनोन् महिने उभं राहिलं, शेवटी भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात गेलं. उरलेलं कर्ज रत्नाबाईंनी अंगावरचं सोनं मोडून फेडलं. 'काही बाकी नाही' असा दाखला न्यायला त्या आल्या तेव्हा माझ्या नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि दाखल्यावर शिक्का मारताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांना ते दिसलं असावं.

"ताई, बाया शिकतील म्हणाल्या, ते तुम्ही खोटं नाही बोलल्या. तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

दाखल्याची घडी घालून त्या उठल्या. ती आमची शेवटची भेट. मी त्यांच्याकडे जाऊ शकले असते. घर दहा मिनिटांवर होतं.

बँकेतून परतताना मात्र मी गेले. भारती चोवीस वर्षांची झाली आहे, उधन्यात एका ऑफिसात कामाला जाते. तिने शांतपणे सांगितलं. शेवटची दोन वर्षं आई दुसऱ्या एका बाईच्या खोलीत मजुरीवर खडे चिकटवायला जात होती. तिथेच बसल्या जागी कलंडली. तीन दिवस दवाखान्यात होती, शुद्ध आली नाही. जुन्या बायांपैकी बऱ्याच जणी आल्या. शोभामावशी दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि परत गेली...

मग भारतीने मला खालची खोली दाखवली. एका भाडोत्र्याशी बोलणं झालंय, म्हणाली. खोली रिकामी होती, नुकताच रंग दिल्यासारखी. भिंतीत खाली, बसल्या माणसाच्या हाताला येतील इतक्या उंचीवर, ओळीने बारा खिळे होते. बाया आपापल्या डब्याच्या पिशव्या त्यांना अडकवायच्या. मशीन बसवताना आणि पुढे दोनदा रंग देतानाही आईने ते काढू दिले नव्हते, असं भारती म्हणाली.

"भाडोत्री म्हणतो, खिळे काढून भिंत सपाट करून द्या," भारती म्हणाली. "मावशी, तुम्ही सांगा, काय करू?"

मी भिंतीपाशी खाली बसले. पाठ टेकवून हात वर केला, तेव्हा खिळा बरोबर हाताला आला.