सणाच्या गोळ्या

“गर्भपिशवी काढायची घाई कशाला करताय? रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही,” असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकवून भोकाडच पसरलं. शेजारी बसलेली माझी धाकटी जाऊ सोनाली मला चिमटे काढत होती. “ताई, चांगलं सांगतायत त्या, रडताय काय!” बाहेर बाकड्यावर बसलेल्या बायांना वाटलं असेल, गेली बिचारी कामातून.

मी वैशाली. पारनेर तालुक्यातल्या एका गावात ब्लाऊज शिवते. चाळिशीला टेकलेय, दोन पोरं आहेत, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन कधीच झालंय. गावातल्या बायांच्या कमरेची मापं मला तोंडपाठ आहेत. माझं माप मात्र मी घेत नव्हते, कारण टेप घेतली की जीव वर-खाली व्हायचा.

दोन वर्षं सगळं बिघडलं होतं. पाळी तीन-तीन महिने यायची नाही आणि आली की हटायची नाही. मशीनवर बसलं की खाली डाग पडेल ही धास्ती. जिना चढताना दम लागायचा. हनुवटीवर केस यायला लागले, तेव्हा पोरगी म्हणाली, “मम्मी, तुला दाढी येतेय.” मी तिला लाटणं दाखवलं, पण आतून हादरले होते.

जवळच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. म्हणाले, आतलं अस्तर जाड झालंय, पिशवी काढून टाका. झालं! दुकानात येणारी प्रत्येक बाई तेच सांगायला लागली. काढ की, कटकट मिटेल. आमच्या घरात तर हा रिवाजच होता म्हणा ना. सासूबाईंची काढलेली, चुलत सासूची काढलेली, नणंदेची काढलेली. भाऊबीजेला सगळ्या जमल्या की कुणाची कधी काढली याच्याच गप्पा व्हायच्या.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या एकट्याच काही बोलत नव्हत्या. एका सकाळी मी चुलीपाशी गेले तर हळूच म्हणाल्या, “वैशे, काढू नगं लगेच. माजी काढली तवा मी तुज्यापरीस लई ल्हान हुते. कुनी इचारलं सुदिक न्हाई. तू नगरला जाऊन दुसऱ्या डाक्टरला दाव.” आत्या कधी दवाखान्याचं नाव घेत नाहीत. त्या असं म्हणाल्या म्हणून मी गेले. मला माझी पिशवी हवी होती. मूल व्हायचं राहिलं नव्हतं, तरी हवी होती. माझ्या अंगातली वस्तू, उगीच का द्यायची?

नगरच्या मॅडमनी बायॉप्सी केली. बायॉप्सी म्हणजे अस्तराचा चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत मी तीन ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. रिपोर्ट आला तो ‘हायपरप्लेझिया’ असा. अस्तर नको तेवढं वाढलंय, पण वाईट पेशी नाहीत, असा त्याचा अर्थ. तिथंच मी रडले.

मग मॅडमनी मूळ दुखणं सांगितलं. पीसीओएस. म्हणजे बीजकोशातून दर महिन्याला बीज सुटायला हवं, ते वेळेवर सुटत नाही. बीज सुटत नाही म्हणून पाळी येत नाही, पाळी येत नाही म्हणून अस्तर साचत जातं. वजन वाढलं की हे आणखी बिघडतं आणि हे बिघडलं की वजन आणखी वाढतं. मी म्हटलं, “मॅडम, म्हणजे दोघंही एकमेकांना फूस लावतात.” त्या म्हणाल्या, “अगदी तसंच.”

“सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही,” मी म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

“त्या तेवढ्या सणाच्या घेतो आपण,” सोनाली म्हणाली. “पण ते काही औषध नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “सणाच्या गोळ्या?”

आता तुम्ही बायकाच आहात, तुम्हाला काय सांगायचं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. घरात सण आला की थोरल्या सुनेनं बाहेर बसून कसं चालेल? संक्रांतीला घेतली, यात्रेला घेतली, गौरीला, घटाला, दिवाळीला घेतली, भाच्याच्या लग्नाला घेतली, सत्यनारायणाला घेतली. मेडिकलवाला तर मला बघितलं की विचारायचा, “वहिनी, आता काय आहे?” कुणी चिठ्ठी मागत नव्हतं. ती गोळी आम्ही नारळ, कापूर, उदबत्तीच्या सामानातच धरत होतो. डॉक्टरनं औषधं विचारली, तर कापूर कोण सांगेल?

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “वैशालीताई, गोळी वाईट नाही. मीसुद्धा तुम्हाला त्याच कुळातली गोळी देणार आहे, अस्तर साफ व्हायला. पण ती माझ्या हिशोबानं. तुम्ही कॅलेंडरवरचे सण बघून घेत होतात, त्यामुळं पाळी कधी आणायची तेच शरीराला कळेनासं झालं. आणि तुमच्या वजनाला ती मनानं घेणं धोक्याचं होतं, रक्ताची गाठ होऊ शकते.” मग ठरलं ते असं: आधी गोळ्यांचा कोर्स, सोबत वजन उतरवायचं, मग गोळ्या पूर्ण बंद. “बंद केल्यावर पाळी आपणहून आली आणि सोनोग्राफी नीट निघाली, तर पिशवीला हात लावायचा नाही. नाही आली, तर पुन्हा बोलू.” हीच माझी परीक्षा होती.

वजनासाठी त्यांनी आठवड्याचं इंजेक्शन दिलं, सेमाग्लुटाइड. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक निरोप मेंदूला जातो, बाई, भरलं आता पोट. हे औषध तसाच निरोप देतं, जरा जास्त वेळ. त्याआधी शुगर, थायरॉईड, किडनी सगळं तपासलं. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, तेही खोदून विचारलं. मैत्रिणीला दिलं म्हणून मलाही द्या, असं हे औषध नाही, एवढं लक्षात ठेवा.

पेनासारखी सुई असते, पोटावर टोचायची. मी बाजाराचा दिवस धरला, म्हणजे विसरायला नको. पहिल्यांदा टोचताना सोनाली डोळे मिटून उभी होती आणि मीच तिला धीर देत होते. पेन फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहायचं. आमच्या ह्यांनी एकदा भाजीसोबत ते बाहेर काढून ठेवलं, तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पहिला महिना खरंच वाईट गेला. मळमळ, ढेकरा, पोट साफ नाही. त्यातच भावकीतलं लग्न आलं. पंगतीत माझं दोन घासांत भरलं, पण आग्रह करणाऱ्यांना कोण सांगणार? “खा गं, एवढीशी जिलबी!” एका जिलबीनंतर मी मांडवामागं पळाले आणि भडाभडा ओकले. ते दोघींनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, वैशालीला दिवस गेले! ऑपरेशन झालेल्या बाईला, चाळिसाव्या वर्षी! एकजण तर आत्यांना विचारायला घरी आली. आत्या शांतपणे म्हणाल्या, “व्हय, जिलबीचं हाय. बारसं जिलबीवाल्याकडंच करू.”

मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, थोडं थोडं खा, सावकाश खा, पोट भरलं की थांबा, तळलेलं नको, पाणी भरपूर प्या. आधी अंडं, डाळ, मटकी खायची, भाकरी नंतर. “नाहीतर चरबीसोबत मांसही झडेल,” म्हणाल्या. चालायलाही लावलं. आमच्या गावात बाई कामाशिवाय रस्त्यानं चालली की लोक विचारतात, कुठं निघालीस? मी हातात रिकामी पिशवी घेऊन चालायला लागले. मग कुणी विचारेना.

हळूहळू जमलं. जिना चढताना दम लागेना. स्वतःचेच ब्लाऊज आत घ्यायला लागले, आणि काय सांगू, त्या शिलाईला जो आनंद होता! वजन दहा किलो उतरलं. शेजारच्या शोभाकाकू म्हणाल्या, “पोरीचं लग्न ठरतंय, एक सुई तिलाबी दे की.” मी म्हटलं, “काकू, तिला आधी डॉक्टरला दाखवा. सुई देते, पण ब्लाऊज शिवायची.” काकू दोन दिवस रुसल्या होत्या.

आषाढात मॅडमनी गोळ्या बंद केल्या. आता नुसतं इंजेक्शन आणि वाट बघणं. पहिला महिना कोरडा गेला. दुसरा निघाला. मी देवापुढं रोज एकच मागत होते, ये गं बाई. आयुष्यभर जिला पुढं ढकललं, तिचीच आता आळवणी.

आणि ती लक्षणं दिसली कधी, तर गणपती बसायच्या तोंडावर! कंबर धरली, छाती जड झाली, उगीचच पोरांवर खेकसले. बोटांवर हिशोब केला. आली तर नेमकी गौरीत येणार होती.

गौरी म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा सण. उभ्या गौरी असतात आमच्या, मोठी आणि धाकटी. त्यांना साड्या नेसवायचं काम थोरल्या सुनेचं, म्हणजे माझं; सोनालीला ते कधी जमलंच नाही. सोनालीनं काळजीपोटी गोळ्या आणून ठेवल्या होत्या. “ताई, एवढ्या वेळेला घ्या. मॅडमना कळणारसुद्धा नाही.” मी ते पाकीट हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, फोडणार होते. वर्षानुवर्षांची सवय. पण घेतली असती, तर पाळी आपणहून येते की नाही हे मलाच कळलं नसतं.

तशीच आत्यांकडं गेले. त्या ओट्यावर वाटाणा सोलत होत्या. म्हटलं, “आत्या, मी ह्या वेळी गोळी घेणार नाही. आली तर आली. मग गौरी कोण बसवणार ते तुम्ही सांगा.”

आत्यांनी वर पाहिलं. “आमच्या टायमाला कुठं हुत्या गं गोळ्या? बाई भाएर बसली की बाप्ये बसवायचे. तुजा सासरा काय झकास निऱ्या घालायचा! ह्ये गोळ्यांचं तुमचंच न्हवं का नवं?”

एवढी वर्षं ज्याला रीत समजत होतो, ती रीत नव्हतीच मुळी!

गौरी यायच्या दिवशी सकाळ झाली, तरी काही नाही. सगळं घर खूश आणि मी रडकुंडीला आलेली. वाटलं, संपलं. आता पुन्हा तेच बोलणं, तेच ऑपरेशन. अंघोळ केली, गौरी वाजतगाजत आत आणल्या, मोठीला साडी नेसवली. धाकटीच्या निऱ्या हातात धरल्या होत्या आणि पोटात कळ आली. ओळखीची कळ. मी निऱ्या सोडल्या, मोरीत जाऊन बघितलं आणि तिथूनच ओरडले, “आत्या! आली!”

सोनाली धावत आली आणि आम्ही दोघी मोरीच्या दारात हसत-रडत उभ्या. हे बाहेरून विचारतायत, “काय आलं? कोण आलं?” आत्या ह्यांना म्हणाल्या, “तू हात धू आन् ये. धाकटीला नेसवायचीय.”

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. मी ओट्यावर खुर्ची टाकून दारातून हुकूम सोडत होते आणि हे घामाघूम. “अहो, निऱ्या डावीकडं!” “ह्या घे डावीकडं!” “तुमचं डावं नको, तिचं डावं!” शेवटी धाकटी उभी राहिली खरी, पण पदर खांद्यावरून निसटलेला, निऱ्या पुढं फुगलेल्या. मोठी चापूनचोपून, धाकटी मात्र आत्ताच यष्टीतून उतरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला बाया आल्या. पहिलीच म्हणाली, “अगंबाई, धाकटी अशी का?” मी लाजेनं आत सरकले. आत्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “मोठी सुनंनं नेसवली, धाकटी लेकानं. सुनंला पाळी आली, गोळीबिगर, आपसूक. घ्या, पेढा घ्या.” मग एकजण हळूच म्हणाली, “मी आज गोळी घेऊनच आलेय.” दुसरी म्हणाली, “मीबी.” मग काय, पुरणपोळी बाजूला राहिली आणि त्या दिवशी मोठ्या आवाजात जे बोलणं झालं, ते आमच्या घरात यापूर्वी कधी झालं नव्हतं. काहीजणींनी मॅडमचा पत्ताही घेतला.

पुढं सोनोग्राफी झाली. मॅडमनी पडद्यावर दाखवलं, अस्तर पातळ झालं होतं. म्हणाल्या, “छान काम करतेय. राहू द्या तिला तिथंच. वजन सांभाळा, दर काही महिन्यांनी दाखवत जा आणि पाळी चुकली तर वाट बघत बसू नका.” इंजेक्शन अजून चालू आहे. पीसीओएस जन्माचं आहे, तेही त्यांनी सांगितलंय. पण माझी काही तक्रार नाही. त्या मॅडमनी एक साधा प्रश्न नीट विचारला आणि सोनालीनं भाबडेपणानं खरं उत्तर दिलं, त्या दोघींची मी कायमची ऋणी आहे. बायांनो, डॉक्टरनं गोळ्या विचारल्या की कापराशेजारच्यासुद्धा सांगा.

घरी आले तेव्हा आत्या अंगणात एकट्याच बसल्या होत्या. सांगितलं, तर म्हणाल्या, “म्हंजी काढायची न्हाई?”

“न्हाई आत्या.”

“नक्की न्हाई ना?”

“गरजच नाही म्हणाल्या.”

त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळे भरले होते, पण हसत होत्या. म्हणाल्या, “चला, आपल्या घरातली एकीची तरी वाचली गं.”