विओरिकाचं इटलीचं घड्याळ

याश शहरातल्या विओरिकाच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एक इथलं, दुसरं तासभर मागे, इटलीचं. लेक अंका तिथे बोलोन्यात एका म्हातारीला सांभाळायची. तेराशे किलोमीटर, विमानाने दोन तास.

ईस्टरला अंका चारच्या विमानाने निघणार होती. इथे सहा वाजून गेले तरी फोन नाही. विओरिका सारखी इथल्या घड्याळाकडे बघत होती.

"अगं, चार तिथले," शेजारीण सांदा म्हणाली. "पोरगी अजून ढगात आहे. दोन-दोन घड्याळं टांगलीस, आणि बघतेस भलत्याच घड्याळात."

सातनंतर फोन आला. विओरिकाने लगेच दुसऱ्या घड्याळाचे काटे तासभर पुढे सरकवले.

घरात शिरताच अंकाने ते पाहिलं. "आई, राहू द्यायचंस ना. मंगळवारी परत जायचंय."

विओरिका पाव कापत राहिली.