हाताची घडी, तोंडावर बोट

स्काउटनं ओरडायचं नसतं. टाळ्या वाजवायच्या नसतात, खेळाडूंच्या आईबापांशेजारी बसायचं नसतं, त्यांच्या थर्मासातला चहा तर अजिबात घ्यायचा नसतो. गप बसून मॅच बघायची आणि मग कॅनडातल्या कॉलेजला फोन करून सांगायचं, हिला घ्या, तिला नको. शाळेत बाई म्हणायच्या ना, हाताची घडी, तोंडावर बोट? तीच शिक्षा, फक्त पगारी.

आणि ही शिक्षा कुणाला, तर मला! हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला हाड नाही, असं माझ्या सासूबाई चारचौघांत सांगतात. खोटं नाही ते. पुण्यात चाकाच्या स्केट्सवर वाढले, लग्न होऊन दुबईला आले. मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर पहिल्या दिवशी अशी काही आपटले की ईर्ष्येनं आइस हॉकीच शिकले. पुढं इथल्याच एका कॉलेजच्या मुलींच्या संघाची कोच झाले. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आणि आत मी स्वेटर-कानटोपी घालून बोंबलतेय. चपला घ्यायला आलेली माणसं काचेपाशी थांबून बघायची, ही बाई एवढी कुणाला झापतेय.

मग गुडघ्यानं दगा दिला. दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, ‘आता बर्फ खलास, मॅडम.’ त्यानंतर मी घरात जी धुसफुसत राहिले, की शेवटी नवरा म्हणाला, ‘अगं, दिवसभर ऑफिसात बॉस आणि घरी आलो की तू. मला कोच करण्यापेक्षा काहीतरी काम बघ ना!’ तेव्हा हे स्काउटचं काम धरलं. दुबई, अबुधाबी, जिथं रिंक तिथं मी. पण खुर्चीत बूड काही टिकत नाही. कुणाचा पाय चुकीच्या दिशेनं वळला की माझा पाय खुर्चीखाली आपोआप वळतो.

त्या शनिवारी दुपारी तर मला पाणीही गोड लागत नव्हतं. कारण ज्या मुलीसाठी मी गेले होते, ती माझीच. म्हणजे माझ्या जुन्या संघातली, मी घडवलेली. कॉलेजचं शेवटचं वर्ष. खेळते बचाव फळीत. तिच्या वडिलांचं शारजात, रोल्लाला, फरसाणाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण शब्दाचा पक्का. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, ‘कॅनडात पुढचं शिक्षण आणि खेळ दोन्ही मिळालं तर खुशाल जा. नाहीतर डिग्री झाली की हॉकी बंद, दुकान बघायचं.’ आणि त्या कॉलेजात इकडच्या मुलींसाठी जागा एकच होती.

तिथल्या मुख्य कोचना मी आदल्या आठवड्यात फोनवर तिचं कौतुक सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘तू तिची कोच होतीस. तू शिकवलेलं तुला चांगलं दिसणारच. मला असं काहीतरी सांग, जे तू तिला शिकवलेलं नाहीस.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बरोबरच होतं त्यांचं.

रिंकवर पोचले तर तिची आई डबा घेऊन समोर हजर. ‘मॅडम, थालीपीठ आहे. तुम्हाला आवडतं म्हणून मुद्दाम केलं.’ नाही म्हणताना जीव कसानुसा झाला. म्हटलं, ‘आज नको हो, आज मी तुमच्या बाजूची नाही.’ त्या बिचाऱ्या डबा मांडीवर घेऊन दोन रांगा खाली जाऊन बसल्या. इन्शाल्ला, इन्शाल्ला असं काहीतरी पुटपुटत होत्या. मध्येच गणपतीलाही हाक मारत होत्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कोच असताना मी बर्फावर दोन हुकूम मराठीतून द्यायचे. समोरच्या संघात रशियन, कॅनेडियन, लेबनीज, कुणीही असो, हिंदी समजणारी एखादी निघायचीच. मराठी मात्र कुणाच्या बापाला कळायचं नाही. ‘हो पुढं’ म्हणजे जागा सोडून पकवर, म्हणजे त्या काळ्या रबरी चकतीवर, तुटून पडायचं. ‘दम धर’ म्हणजे समोरच्यांच्या हद्दीवरच्या निळ्या रेघेवरून हलायचं नाही. आमच्या संघातल्या फिलिपिनो मुलीसुद्धा ‘दम धर’ झकास म्हणायच्या. ही पोरगी घरी आईला उत्तर देते ते इंग्रजीतून. तिचं मराठी म्हणजे हे दोन हुकूम आणि माझे टोमणे.

मॅच चांगली चालली होती आणि तेच माझं दुखणं होतं. ती जे जे करत होती ते सगळं माझं होतं. गुडघे वाकवणं माझं, काठी आडवी टाकणं माझं, चुकल्यावर मान झटकणं तेही माझंच. फोनवर सांगण्यासारखं नवीन काहीच सापडेना. दोन्हीकडे सारखे गोल, शेवटची काही मिनिटं उरलेली. मी खुर्ची सोडून कधी काचेपाशी जाऊन उभी राहिले, मलाच कळलं नाही.

तेवढ्यात समोरच्यांच्या कोपऱ्यात पक मोकळा सुटला. हिच्यापासून चार झेपांवर! पुढं झाली असती तर सरळ गोलवर फटका. आणि ही रेघेवर उभी. मला राहवेना. काचेवर थाड्‌कन हात मारला आणि ओरडले, ‘हो पुढं! अगं, हो पुढं!’

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही ते फक्त तिनं. मान न वळवता, खणखणीत आवाजात ती ओरडली, ‘दम धरा!’

दम धरा? मला? इतका संताप आला की तोंडात आलेली शिवी कशीबशी गिळली. माझाच हुकूम मला, वर आदरार्थी!

दुसऱ्याच क्षणी समोरच्या मुलीनं तो पक कोपऱ्यातून जोरात बाहेर काढला. तिची जोडीदारीण हिच्या पाठीमागून कधीची आमच्या गोलच्या दिशेनं निघालेली होती. मला ती दिसलीच नव्हती, मी नुसती पककडे बघत होते. ही पुढं झाली असती तर त्या मुलीला आमच्या गोलपर्यंत मोकळं रान होतं. पण ही जागेवर होती. पक तिनं काठीवर अलगद घेतला आणि शांतपणे उलटा पाठवून दिला. मॅच बरोबरीत सुटली.

मी खुर्चीत परत जाऊन बसले. बरं वाटत होतं आणि वाईटही. तिला आता माझी गरज नव्हती, हे असं काचेच्या बाहेरून कळायला नको होतं. मग डोळे पुसले आणि तिथूनच कॅनडाच्या कोचना फोन लावला.

‘काय वेगळं दिसलं?’ त्यांनी विचारलं.

‘मी नियम मोडून ओरडले. चुकीचं सांगितलं. तिनं ऐकलं नाही.’

पलीकडे ते हसले. ‘पाठव तिला.’

कपडे बदलून ती बाहेर आली, खांद्यावर तिच्याएवढी बॅग. आई डबा घेऊन मागे उभी. पोरीचा चेहरा पडलेला.

‘सॉरी, कोच. बट यू वेअर राँग.’

‘माहितीये,’ मी म्हटलं आणि तिच्या आईच्या हातातला डबा घेतला. ‘म्हणूनच तर चाललीस तू कॅनडाला.’