पुढच्या अंकातलं दार

कुठलंही बंद दार उघडण्याआधी ते त्याला कान लावत. आपण कडी वाजवतो, ढकलतो, फार तर हाक मारतो. हे गृहस्थ उजवा कान फळीला टेकवून, डोळे मिटून, चांगलं अर्धा मिनिट उभे राहत. मग मागे वळून म्हणत, "आधी कान, मग हात." बँकेत मॅनेजरच्या केबिनबाहेर त्यांना असं उभं पाहून एकाने हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "पावणं, जरा दमा की. आत कोण हाय ते कळू द्या."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात आली असतील. आपण त्यांना विक्षिप्त म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मीही तेच केलं असतं, पण माझं कामच त्यांच्याशी होतं.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत आम्ही बरोबर होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, ते पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. त्यात चूक झाली की पुढचं सगळं वाया. त्यांचा हात चुकत नसे, तोंड मात्र फटकळ. माझ्या पहिल्याच ड्रॉइंगवर एक माप लिहायचं राहिलं होतं. कागद घेऊन ते थेट माझ्या टेबलाशी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "म्याडम, हितलं माप मी मनानं घालू व्हय?" मला रडू यायचं बाकी होतं. नंतर कळलं, तरुणपणी त्यांनी एकदा असंच माप अंदाजाने धरलं होतं आणि सगळा माल भंगारात गेला होता. तेव्हापासून ड्रॉइंग आल्याशिवाय ते लाकडाला पटाशी लावत नसत.

पॅटर्न गुंडाळायला शॉपमध्ये रद्दी यायची. एकदा त्या रद्दीत इंग्रजी मासिकाचे सात अंक निघाले. मुखपृष्ठावर पंखवाला अजगर, आत निळ्या शाईतले भुयारांचे नकाशे. नकाशा दिसला की हा माणूस जागचा हलायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत सातही अंक माझ्यापुढे ठेवून त्यांनी यात काय लिहिलंय ते सांगायला लावलं. मी भाकरीचा घास हातात धरून वाचत गेले. ते मासिक खेळांचं होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि पुढे काय घडेल ते फासा टाकून ठरवायचं. राक्षस, किल्ले, शापित खजिने, सगळा मसाला होता. एका लेखात खेळाडूंना सल्ला होता की अनोळखी दार कान लावल्याशिवाय उघडू नये. कानाची सवय त्यांना तिथून लागली.

फासे वीस बाजूंचे हवेत, असंही मासिकात होतं. ते कोल्हापुरात कुठून मिळणार? त्यांनी सागवानाच्या तुकड्यातून एक कोरला. त्याला तीन आठवडे लागले. मग दर रविवारी दुपारी फुलेवाडीतल्या त्यांच्या घरी आमची बैठक बसू लागली. गोष्ट ते सांगणार. खेळणार आम्ही तिघं: मी, मोल्डिंगमधला एक आजऱ्याचा गडी आणि त्यांची बायको. तो गडी काजू घेऊन यायचा आणि आम्ही विचार करेपर्यंत स्वतःच संपवायचा.

वहिनींना खेळ पटकन समजला. त्यांनी कंदीलवालीचं सोंग घेतलं. प्रत्येकाचा एकेक कागद असे, त्यावर आपल्याजवळ काय आहे ते लिहायचं. आम्ही तलवारी लिहिल्या, वहिनींनी तेल लिहिलं. दर बैठकीला एक रेघ तेल कमी होणार आणि तेल संपलं तर कंदीलवाली अंधारात कायमची हरवणार, असा नियम होता. रॉकेलच्या रांगेत आयुष्य गेलेली बाई ती. प्रत्येक काल्पनिक गावात शिरलं की त्या आधी विचारायच्या, "आवो, हितं त्याल कुठं मिळतंय?" आणि मिळालं की कागदावर ठसठशीत लिहायच्या, 'तेल घातलं'.

त्या दिवसांत त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. फाउंड्रीच्या बंद गोदामाला कान लावून ते म्हणाले की आत माणूस आहे. मी कान लावला, मला काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तर आमची चाहूल लागून रखवालदार पोत्यांमागे दबा धरून बसलेला. मी विचारलं, घोरण्याचाही आवाज नव्हता, मग कळलं कसं? तेव्हा पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"रिकामी खोली गप असत्या आणि आत कान देऊन बसलेलं माणूसबी गप असतंय. पर दोन्ही गप येगळं हाय, म्याडम. सवय झाली की कळतंय."

सातव्या अंकात एक मोठी मोहीम होती. ती आम्ही दीड वर्ष खेळलो. शेवटी भुयाराच्या तळाशी एक दार आलं. पानभर चित्र होतं त्याचं, खिळ्यांसहित. खाली छापलं होतं की दारापलीकडचा भाग पुढच्या अंकात. आणि पुढचा अंक आमच्याकडे नव्हता.

आजऱ्याचा गडी म्हणाला की मनानं काहीतरी रचा, आत सोनं हाय म्हणा. यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा काजू घशात अडकला. ड्रॉइंग आल्याशिवाय पटाशी लावायची नाही. आम्ही तिघं त्या दारात उभे राहिलो ते उभेच. पुढे तो गडी नोकरी सोडून गावी गेला, पण यांनी त्याचा कागद फेकला नाही. बैठका चालूच राहिल्या. रविवारी चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. मग ते विचारायचे, "कोण कोण हाय दारात?" आम्ही हजेरी द्यायचो, वहिनी तेल बघायच्या. कितीतरी वर्षं हे असं चाललं. माझं लग्न झालं, केस पिकायला लागले, आणि रविवारी मी भुयाराच्या तळाशी उभी.

निवृत्तीनंतर त्यांनी ते दार लाकडात केलं. चित्रावरून, मापात, खिळ्यांसकट. पण जन्माची सवय. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाला जी पट्टी वापरतो तिचा सेंटीमीटर मुळातच थोडा मोठा असतो. दारही त्याच पट्टीने झालं आणि ज्या कोनाड्यासाठी केलं होतं त्यात मावेना. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "ओतल्यावर बरोबर हुईल," ते गंभीरपणे म्हणाले. दार मग बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. मागे नुसती भिंत. त्यांची ही हकिकत सांगताना मीही कदाचित तीच पट्टी धरली असेल, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी गेल्या त्या अगदी अचानक. चार दिवसांचा ताप आणि संपलं. तेराव्यानंतरच्या रविवारी मी त्यांना भेटायला गेले. बैठकीची चटई अंथरलेली होती. वहिनींच्या जागेवर त्यांचा कागद, त्यावर फासा. मी बसले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कोण कोण हाय दारात? मी माझी हजेरी दिली, वहिनींची कोण देणार? तेव्हा त्यांनीच सांगितलं, "ती हुबी हाय. मी बगितलं." आणि सुतारी पेन्सिलीने तेलाची एक रेघ कमी केली.

पुढच्या एका भेटीत त्यांनी मला भिंतीला टेकवलेल्या दाराशी नेलं आणि ऐकायला सांगितलं. मी कान लावला. लाकडाचा वास आला, पॉलिशचा गारवा लागला. आवाज कसला येणार? मी आपली सरळ बाई, खरं ते बोलले, की मागं भिंत आहे, काही नाही. त्यांनी फळीवरची धूळ हाताने पुसली. मग "बरं," एवढंच म्हणाले. त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते. खोटं बोलले असते तर माझं काय गेलं असतं?

दोन वर्षांनी माझ्या पुण्यातल्या भाचीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात पुढचा अंक सापडला. माझ्या तोंडून ऐकलेलं मासिकाचं नाव ओळखून तिने तो तसाच खाकी कागदात, सुतळी बांधून पाठवला. मी तो न उघडता त्यांच्याकडे घेऊन गेले. इतक्या वर्षांचं ड्रॉइंग आलं होतं! वाटलं, म्हातारा उडी मारेल.

त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि त्याला कान लावला. मग परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता नगं. उघडलं की फुडं जायला लागतंय. ती नसताना तिचा फासा कोण टाकणार? ती म्हागं ऱ्हाईल, एकटी." मग म्हणाले, "तुमच्याकडं ठेवा. मी गेल्यावर वाचा. पर आधी कान लावा."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले. दुपारी जेवून त्या दाराला टेकून बसले आणि तसेच गेले. कान फळीला लागलेला होता, असं त्यांचा मुलगा म्हणाला. तो कागलच्या एमआयडीसीत असतो, शहाणासुरता आहे, पण हे सांगताना त्याने आवाज खाली आणला. आठवड्याने त्याने टेम्पोतून दार, सात अंक आणि कागदांची फाईल माझ्याकडे आणून दिली. काकू, घर लहान आहे, आणि आमची पोरं त्या दारासमोरून जायला भितात, असं काहीसं पुटपुटला.

काल, रविवारी दुपारी, मी ते सातही अंक काढले. पानं पिवळी पडलीत. माझ्या त्या जेवणाच्या सुट्टीतल्या भाजीचा डाग अजून तिसऱ्या अंकावर आहे. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, अजगराच्या शेपटीला माप. मला हसू आलं आणि मग नको इतकं रडू आलं. फाईलमध्ये आमचे सगळ्यांचे कागद होते. माझ्या नावापुढे प्रत्येक रविवारची नोंद: 'दारात'. मी गेले नव्हते त्या रविवारीसुद्धा. वहिनींच्या कागदावर तेलाच्या रेघा एकेक करत खोडलेल्या, मधे मधे वहिनींच्या अक्षरात, आणि त्या गेल्यानंतर यांच्या अक्षरात, 'तेल घातलं'. शेवटच्या नोंदीनंतर एकच रेघ उरली होती. आणि त्यांचा स्वतःचा कागद, जो आजवर कधी नव्हता, कारण गोष्ट सांगणाऱ्याला कागद नसतो. त्यावर नाव घातलेलं आणि एकच शब्द: 'दारात'.

पाकीट शेजारी होतं. वाचायची परवानगी मला होती. आत काय आहे ते मला किती वर्षं हवं होतं, ते मी कोणाला सांगणार? सुतळीची गाठ सोडली. मग आठवलं, आधी कान.

दार माझ्या हॉलच्या भिंतीला टेकवलेलं आहे. मी उजवा कान लावला, डोळे मिटले. आवाज काहीच आला नाही. खाली रस्त्यावर एक रिक्षा गेली, तिचाही आवाज विरला. पलीकडे शांतता होती, आणि ती भिंतीची नव्हती. फळीच्या पलीकडून, अगदी माझ्या कानाच्या उंचीला, कोणीतरी कान लावून उभं होतं. आणि त्याच्या मागे अजून एक जण, हातातल्या कंदिलाची कडी वाजू न देता.

मला भीती वाटली, हे कबूल करते. तरी मी बराच वेळ तशीच उभी राहिले, कारण त्यांना कळायला हवं होतं की या वेळी मला ऐकू आलंय.

मग मी पाकिटाची गाठ पुन्हा बांधली, फाईलमधली सुतारी पेन्सिल घेतली आणि वहिनींच्या कागदावर ठसठशीत लिहिलं, 'तेल घातलं'.