भाईंदरला उतरायचं राहिलं

भाईंदर हे काही लाइनीवरचं शेवटचं स्टेशन नव्हे. पुढे खाडी आहे, खाडीवर पूल आहे, पुलापलीकडे नायगाव, वसई, विरार आहे. पण काही गाड्या आमच्याकडे येऊन संपतात. गाडी रिकामी होते, मोटरमन आणि गार्ड जागा बदलतात आणि तीच गाडी परत चर्चगेटला निघते.

रिकामी व्हायला हवी, असं म्हणू या. सकाळच्या वेळी ती होत नाही, कारण आमच्याकडे 'रिटर्न' नावाची एक रीत आहे. ज्याला चर्चगेटपर्यंत बसून जायचंय तो मीरा रोडला, नाहीतर दहिसरला, उलट दिशेच्या गाडीत बसतो, भाईंदरपर्यंत येतो, उतरत नाही आणि त्याच जागेवरून परत जातो. बहुतेकजण तेवढ्यात डोळे मिटून घेतात. त्यांना कोणी उठवत नाही. भाईंदरला गाडीत चढलेल्या माणसाला खिडकीपाशी कोणी झोपलेलं दिसलं, तर तो मनातल्या मनात दोन शिव्या घालतो आणि उरलेल्या जागेत बसतो.

माझ्या बाबांना या लोकांचा भयंकर राग. ते त्यांना 'उलटे' म्हणायचे. "गाडी थांबली की माणसाने उतरावं," ते म्हणायचे, "दारापर्यंत येऊन परत काय फिरायचं?"

बाबा छापखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी ते ज्या गाडीने घरी यायचे, तीच गाडी परत फिरली की मी तिने ऑफिसला जायचे. त्यामुळे आमची भेट व्हायची ती प्लॅटफॉर्मवर, लेडीज डब्यासमोरच्या इंडिकेटरखाली. ते उतरून चालत यायचे, हातातला ताजा पेपर मला द्यायचे आणि म्हणायचे, "घे गं, जग कुठे चाललंय बघ." वर्षानुवर्षं हे एकच वाक्य. मी कधी हसायचे, कधी नुसता पेपर ओढून घ्यायचे. मग ते घरी आणि मी गाडीत.

एका सकाळी ते आले नाहीत. डबल ड्युटी लागली की ते यायचे नाहीत, आणि ती महिन्यातून बरेचदा लागायची. मी जरा चिडले, ते पेपर मिळाला नाही म्हणून. गाडी सुटायला आली तशी चढले. यात माझा काही दोष होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. पण दोष नसला म्हणजे माणूस सुटतो, असं थोडंच आहे?

ऑफिसात नुकती बसले होते तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांच्या खिशातल्या कार्डावर घरचा नंबर होता. चर्चगेटला गाडीत सापडले, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. माझं ऑफिस तिथून चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून मीच आधी पोचले.

तिथे एक गृहस्थ थांबून राहिले होते. ते भाईंदरला लेडीजच्या मागच्या डब्यात चढलेले, खिडकीतल्या बाबांच्या समोरच्या बाकावर बसलेले. बिचारे हात जोडून मला सारखं एकच सांगत होते, "बेटा, मुझे लगा अंकल रिटर्न हैं. मैंने तो बैग भी धीरे से रखा, नींद न टूटे करके." बाबांच्या मांडीवर पेपर तसाच घडी घातलेला होता, हेही त्यांनीच सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. कधी, कुठे, ते काही नक्की सांगता येईना. कदाचित भाईंदरच्या आधी, कदाचित नंतर. म्हणजे मी इंडिकेटरखाली उभी होते तेव्हा मागच्या डब्यात ते होते. जिवंत होते का, हे मला कधीच कळणार नाही. एवढं खरं, की मी बाबांना शोधत नव्हते आणि ते माझ्याबरोबर चर्चगेटपर्यंत आले.

आईला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती कोसळेल. ती म्हणाली, "म्हणजे तू बरोबर होतीस. तेवढं तरी बरं झालं."

पुढचं सगळं रीतसर झालं. दहाव्याला कावळा लगेच शिवला, नातेवाईक समाधानाने जेवले. आई घरी आल्यावर म्हणाली, "कावळ्याला काय कळतंय? त्याला भूक लागलेली." मी फोटो मोठा करून आणला तर तो तिने कपाटात ठेवून दिला. "जो माणूस घरी पोचलाच नाय, त्याचा फोटो कसा लावू?"

तिचं म्हणणं साधं होतं. अँब्युलन्समधून आलं ते शरीर. बाबा गाडीत झोपलेत. भाईंदर आलं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे ते त्या उलट्यांसारखे येतायत आणि जातायत. "आणि त्यांना तर या गोष्टीचा किती राग!" हे म्हणताना तिला रडू फुटायचं.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आईचाही फारसा नव्हता. पण तिने बाबांच्या येण्याच्या वेळेला दाराची कडी लावणं सोडून दिलं. मी निघाले की दार नुसतं लोटलेलं. ओट्यावर कपबशी झाकून ठेवलेली. मग ती स्टेशनवर यायला लागली. गोडदेवच्या आमच्या घरापासून चालत, दुखरे गुडघे घेऊन, जिने चढून. गाडी थांबली की प्लॅटफॉर्मवरून जेंट्सच्या खिडक्यांपाशी जायची, कोणी झोपलेला दिसला की गजावर टकटक करायची. "अहो, उठा. भाईंदर आलं."

कोणी हसायचे, कोणी खेकसायचे. बहुतेकजण डोळे न उघडताच म्हणायचे, "रिटर्न." मी लेडीज डब्याच्या दारातून बघत असायचे आणि मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं तर मला लाजेपेक्षा भीती वाटायची. थंडीत खाडीकडून धुकं येतं, तेव्हा प्लॅटफॉर्मचं टोक दिसत नाही. त्या धुक्यातून नुसती तिची टकटक ऐकू यायची, आणि एखाद्या सकाळी आतून बाबांचा आवाज येईल असं वाटून माझ्या अंगावर काटा यायचा. येऊ नये असं वाटायचं की यावा असं, ते मी तपासून पाहिलं नाही.

मधे ऑफिसात माझी वेळ पुढे ढकलली गेली, उशिराची गाडी चालली असती. मी तीच गाडी धरून राहिले. मैत्रिणींनी विचारलं तर सांगायचे, सवय झालीय. चर्चगेटला उतरल्यावर मी जरा रेंगाळायचे आणि जेंट्सचे डबे रिकामे झाले की मग चालू लागायचे. तीही सवयच.

एक दिवस टकटक ऐकून एक माणूस दचकून जागा झाला आणि इतक्या जोरात ओरडला की आई मागच्या मागे बसली. भोवती गर्दी झाली. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मी डब्यातून उडी मारून आले आणि त्या शूटिंगवाल्याला हिंदीत जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईला रिक्षाने घरी आणलं. ऑफिस बुडालं.

संध्याकाळी गुडघ्याला शेक घेता घेता ती म्हणाली, "आमच्या गावी माणूस घराबाहेर कुठे वारला ना, तर त्या जागी जाऊन त्याला हाक मारून घरी आणतात. वाट सांगत सांगत आणायचं. मागे बघायचं नाय, मधे कोणाशी बोलायचं नाय. मला डब्यात चढता येत नाय. तू बरोबर होतीस. तूच आण त्यांना."

मी वाद घालायच्या तयारीत होते. तिच्या तळहाताला खरचटलं होतं ते दिसलं आणि बरं म्हटलं.

रविवारी जाते म्हणाले तर ते चालेना. "रविवारी कुठे ड्युटी असायची त्यांना?" मग रजा टाकली.

गाडी आली. उतरणारे उतरले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जेंट्स डब्यात चढले. बाबांच्या खिडकीत एकजण झोपला होता, अर्थातच रिटर्न. मी बाकापाशी उभी राहिले. इतके पुरुष बघतायत आणि आपण काय करतोय, असं वाटलं. हळूच म्हटलं, "बाबा, उठा. भाईंदर आलं." खिडकीतल्या माणसाने एक डोळा उघडला आणि मिटला. मला वाटलं, हे असं पुटपुटून कोण जागं होणार? म्हणून मोठ्याने म्हटलं, "बाबा, उठा ना. घरी जायचंय." माझा आवाज फुटला.

मी वळले. वळता वळता एवढं दिसलं, की समोरच्या बाकावरच्या माणसाने गुडघे आत घेतले, आतून कोणी बाहेर येत असलं की घेतो तसे. मी तर केव्हाच पॅसेजमध्ये होते. मी मागे पाहिलं नाही.

मग जिना. "बाबा, सावकाश, इथली पायरी तुटलीय." पूर्वेला उतरल्यावर रिक्षावाला पुढे आला, "मॅडम, गोडदेव?" मी नुसती मान हलवली. "बाबा, आपण चालतच जाऊ. इथे आता नवीन टॉवर झालाय, तुमचा पानवाला पलीकडे गेलाय." सोसायटीच्या गेटवर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, आज सुट्टी?" मी तोंड मिटून पुढे गेले, तर त्या अजून रुसलेल्या आहेत. जिन्यात माझ्यामागे पावलं वाजत होती. आमच्या जिन्यात आवाज घुमतो, हे मला माहीत आहे.

दार लोटलेलंच होतं. आई आत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत ती बाजूला सरकली, वाट दिली आणि म्हणाली, "किती वेळ लावलात." मग तिने दार बंद करून कडी लावली. चहा गरम केला. कपाटातला फोटो काढून पुसला. दुपारी ती इतकी गाढ झोपली, की मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं. त्यानंतर ती स्टेशनवर कधी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीला गेले. प्लॅटफॉर्मवर टकटक नव्हती. लेडीजमध्ये मला चक्क खिडकी मिळाली. मीरा रोड गेलं, दहिसर गेलं, आणि मला एकदम रडू कोसळलं. शेजारची बाई घाबरून विचारत राहिली, "क्या हुआ, दीदी?" काय सांगणार तिला?

आई रोज सकाळी बाबांना उतरवायला येत होती, आणि मी इतके महिने रोज सकाळी त्यांच्याबरोबर जात होते. मागच्या डब्यात आहेत, असं धरून. म्हणून तर गाडी बदलली नव्हती. हे मला कळलं ते त्यांना घरी पोचवून आल्यावर.

चर्चगेट आलं. उतरले, आणि कोणासाठी न थांबता चालायला लागले.