पेपरच्या लगद्याची अमेरिका

आमच्या गावात शिमग्याची सोंगं भर दुपारी निघतात. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून राम, रावण, वाघ, म्हातारा-म्हातारी असे मुखवटे चढवून माणसं दारोदार नाचतात. दारात सोंग आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, मुखवट्याला कुंकू लावायचं आणि मनात काही असेल ते विचारायचं. मुखवटा चढला की आतल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही, आणि आतल्यानं खोटं बोलायचं नाही. नियम एवढाच. तो मी मोडला.

गाव किन्हवलीपासून चालत अर्ध्या तासावर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मुरबाडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचो आणि येताना स्टँडवरून पेपर आणायचो. गावात तेवढाच एक पेपर यायचा. भातगिरणीच्या ओट्यावर बसून मी तो मोठ्यानं वाचून दाखवायचो. आखातात लढाई जुंपली आणि मला शिंगं फुटली. रोज संध्याकाळी ओटा भरायचा. मी विमानांची नावं सांगायचो, रणगाड्यांची सांगायचो, ठाऊक नसेल तिथं ठोकून द्यायचो. गावात दोन पार्ट्या पडल्या होत्या. अर्धे अमेरिकेचे. उरलेले म्हणायचे, "थांबा जरा, रशिया उतरूं दे, मंग बगा." रशियाच्या घरातच तेव्हा भांडणं लागली होती, तो कुठला उतरतोय! पण दोन मोठे एकमेकांसमोर उभे ठाकलेत, ही कल्पनाच आम्हांला आवडली होती. कबड्डीचा सामना बघावा तसे आम्ही ती लढाई बघत होतो. आमच्यापर्यंत तिची झळ आली ती रेशनचं रॉकेल कमी झालं एवढीच.

खरं तर एवढीच नव्हती. माझा चुलतभाऊ कुवेतला होता. त्याला मी दादा म्हणायचो. जोडारी, म्हणजे फिटरचं काम, शिकून दोन वर्षांपूर्वी तो तिकडे गेला होता. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं. बाकीची माणसं विमानानं परत आली, दादा नाही आला. त्याच्याबरोबरच्या एकानं निरोप पाठवला की त्याचा पासपोर्ट मालकाकडे होता, आणि मालक त्याला गोदाम राखायला ठेवून स्वतः पळाला होता. वहिनी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या शेजारच्या घरात राहायची. पाण्याला जाताना ती गिरणीपाशी जरा रेंगाळायची. तेव्हा मी आवाज उतरवायचो किंवा पान उलटायचो. तिची दया यायची म्हणून नव्हे. तिच्यासमोर विमानांच्या गोष्टी रंगत नसत, म्हणून.

त्या वर्षी मी टूम काढली की शिमग्याला लढाईचं सोंग करायचं. महिनाभराचे पेपर भिजवले, लगद्यात चिकटपणासाठी मेथी वाटून घातली आणि मुखवटे थापले. अमेरिकेला पेपरातल्या व्यंगचित्रासारखी उंच टोपी आणि बोकडदाढी. रशियाला केसाळ टोपी. इराकला नुसत्या मिशा पुरल्या. कुवेत व्हायला कोणी तयार होईना, म्हणून रॉकेलचा रिकामा डबा ठेवला आणि तिघांनी तो ओढायचा असं ठरवलं. लोक हसून लोळतील याची मला खात्री होती. त्या सोंगात तिथं राहणारी माणसं कुठंच नव्हती, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच लगद्यात एक पान मी माझ्या हातानं कुस्करलं होतं. आतल्या पानावर छोटी बातमी होती. परदेशातून आलेले किती कामगार तिकडे अडकलेत आणि किती मेलेत, याचा कोणाला पत्ता नाही, अशी. मी ती ओट्यावर वाचली नव्हती.

होळीच्या तोंडावरच लढाई थांबल्याची बातमी आली, त्यामुळे सोंग आणखीच चढलं. अमेरिका मीच होतो. चार घरं हसवून आम्ही नाचत नाचत वहिनीच्या दारात गेलो. टाळायला हवं होतं. पण सोंगानं एखादं घर वगळलं तर त्या घराला ते अशुभ, म्हणून गेलो. ती तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या पायांवर पाणी घातलं. टोपीखाली कुंकू लावलं. ढोलकी थांबली. मग हात जोडून, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "माजा माणूस कदी येल?"

मला ठाऊक नव्हतं. जे थोडं ठाऊक होतं ते वाईट होतं. सोंगं उभी होती, लोक उभे होते, आणि माझी अमेरिका जिंकलेली होती. मी घोगरा आवाज काढून म्हणालो, "पाडव्याला येल. गुढी उभारून ठेव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी डबा लाथाडला. आम्ही पुढच्या घरी गेलो.

आठवड्याभरानं वहिनीचा भाऊ आला. मुंबईत एका कचेरीत बेपत्ता माणसांची नावं लिहून घेत होते, तिथं तिला न्यायला तो आला होता. ती गेली नाही. "पाडव्यापर्यंत त्यांचं नाव बेपत्त्यांत लिवायचं नाय," असं त्याला दारातच सांगताना मी माझ्या पडवीतून ऐकलं. वीस पावलं चालून मी सांगू शकत होतो, की वहिनी, जा, तो मी होतो, मला काही ठाऊक नव्हतं. मी सायकल पुसत बसलो. हसू होईल ही भीती होती, बाकी काही कारण नव्हतं. पाडव्याला तिनं गुढी उभारली. नंतर ती मुंबईला गेली, तेव्हा याद्या पुढे गेल्या होत्या.

आषाढात शहापूरकडचा एक माणूस तिला भेटायला आला. हात भाजून आखडलेले. तो आणि दादा शेजारच्या देशातल्या एकाच दवाखान्यात होते. लढाईच्या शेवटच्या दिवसांत गोदामाला आग लागली, दादा कमरेखाली भाजला होता. मुंबईच्या कचेरीतून गेलेली यादी घेऊन माणसं यायची, नावं पुकारायची आणि ज्यांची नावं असतील त्यांना विमानात बसवायची. या माणसाचं नाव होतं, त्याच्या भावानं दिलेलं. दादाचं नव्हतं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, पुढच्या फेरीला नेऊ म्हणाले. पुढच्या फेरीपर्यंत दादा राहिला नाही. पाडवा होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

यादीत नाव असतं तरी तो वाचला नसता, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. डॉक्टर नसताना सांगत आलो. मला लाज वाटते, आणि ती लाज जुनी होत नाही. सोंगात मी परत कधी उतरलो नाही. गिरणीच्या ओट्यावर विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचो.

बारा वर्षांनी इराकात पुन्हा लढाई झाली. आता घरोघरी टीव्ही होते. माझ्याही घरात लोक जमले, पुन्हा पार्ट्या पडल्या. एक जण मला म्हणाला, "तुमी जुने जाणकार, सांगा, किती दिस चालंल?" तेवढ्यात वहिनी दारात आली. तिचा मुलगा वेल्डिंग शिकून तयार झाला होता आणि मुंबईच्या एजंटानं त्याला आखातातलं काम देऊ केलं होतं. मी टीव्ही बंद केला. लोक उठून गेले.

ती खाली बसली. "भावजी, पोराला पाठवू का?"

मी बंद टीव्हीवर फडकं मारू लागलो.

"आज तोंडावर कायी नाय तुमच्या," ती म्हणाली. "तवा बी मला ठाव होतं आत कोण हाय. आवाज काय लपतो? मी मुखवट्याला नवतं विचारलं. गावात पेपर तुमीच वाचायचा. म्हटलं, मुखवटा घालून तरी हा माणूस खरं सांगल."

बारा वर्षं मी समजत होतो की ती भोळी म्हणून फसली. तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, मुखवट्यावर नाही. मग मी म्हणालो, "वयनी, तिकडं काय होईल, मला ठाव नाय."

ती पदर सावरून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"येवडंच तवा बोलायचं होतं, भावजी. भाऊ न्यायला आला त्याच दिशी मी त्याच्याबरोबर गेली असती."